बी-१ चा दगड

वाई,
८ जुलै २०२४

सृष्टी,

माझं नाव वाचून तुला काही आठवणार नाही, म्हणून खूण सांगते. तुझ्या चुलतभावाच्या लग्नात पंगतीला मी तुझ्या शेजारी होते. तू जिलबी नको म्हणालीस आणि तुझ्या वाटची मी खाल्ली. ती मी, विजयमाला. तुझे आजोबा आणि माझे वडील सख्खे भाऊ, म्हणजे मी तुझी चुलत आत्या. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. आता ऐकू येत नाही, त्यामुळे फोन निरुपयोगी, आणि मोबाइलवरचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. तेव्हा कागदच बरा.

तुझा बाप अनंत म्हणाला, पोरगी सांगलीत जमिनी मोजते, दिवसभर काहीतरी आकाशात उडवत असते. म्हणून तुझ्याकडे एक काम आहे.

आपण तेरदाळे. मूळची तेरदाळची, म्हणजे कर्नाटकातली माणसं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात माझी पणजी गंगव्वा, तिचा नवरा आणि दोन दीर कवठे महांकाळच्या बाजूला बोरमाळ गावी आले, सरकारी कामावर खडी फोडायला. इस्लामपूरची जमीन, ऊस, लष्करातल्या नोकऱ्या, हे सगळं नंतरचं. आपल्यात पुरतात. पण परक्या गावात पुरायला जागा कुठली? गावानं माळाचा एक कोपरा दाखवला. तिथं आपल्या अकरा समाध्या आहेत. पैसा नव्हता, म्हणून चौथरा नाही की नाव नाही. पुरुषाच्या जागी उभा दगड, आणि बाईच्या जागी तिच्याच जात्याची वरची तळी. आपल्यात माणूस बसवून पुरतात, त्यामुळे ती तळी तिच्या टाळूच्या बरोबर वर येते.

भादव्यातल्या अमावस्येला घरच्या कोणीतरी जायचं आणि तळीच्या भोकात मूठभर जोंधळा घालायचा. जात्यात घालायच्या मुठीला वैरण म्हणतात, हे तुझ्या पिढीला ठाऊक नसेल. जन्मभर तिनं घातली, आता तिला कोणीतरी घालावी, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या वडिलांच्या वहीत पत्ता आहे: बोरमाळच्या मारुतीपासून पूर्वेला दीड मैल, ओढा ओलांडून, टेकाडाच्या उतारावर, दोन बाभळींच्या मध्ये. माझे गुडघे तिथवर येणार नाहीत. तू जाऊन बघ. आहेत का, कशा आहेत, एवढं कळव. यंदा अमावस्या दोन ऑक्टोबरला आहे. मला जोंधळा पाठवायचा आहे.

जिलबीची देणेकरी,
विजयमाला आत्या


सांगली,
१९ जुलै २०२४

विजयमाला आत्या,

पत्र मिळालं. हे सोळाच्या अक्षरात छापलं आहे. लहान वाटलं तर कळवा.

बोरमाळच्या पूर्वेचा माळ मला माहीत आहे. फेब्रुवारीत कामानिमित्त त्या भागात होते. जागेची खात्री करण्यापूर्वी थोडी माहिती हवी. वहीतला दीड मैल पायवाटेचा आहे की सरळ रेषेतला? तळ्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या आहेत की नुसत्या वर ठेवलेल्या? त्यांची रुंदी आणि एकमेकींपासूनचं अंतर साधारण किती?

त्या माळावर एका सोलर कंपनीचं काम मंजूर आहे, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. रविवार मोकळा मिळाला की जाईन. तोपर्यंत याबद्दल कोणाशी बोलला नाहीत तर बरं.

सृष्टी


वाई,
२८ जुलै २०२४

सृष्टी,

अठराचं कर.

कोणाशी बोलू नका, हे तुझं पत्र यायच्या आधीच मी शेजारच्या गोदावरीबाईंना, डॉक्टरांना आणि दूधवाल्याला सांगून बसले होते. आमच्या आळीत आता सगळ्यांना ठाऊक आहे की माझी भाची उपग्रहावरून पणजी शोधते आहे. दूधवाला म्हणाला, आमची हरवलेली म्हैसपण विचारा. तेव्हा तुझं गुपित गेलं.

आता तुझे प्रश्न. दीड मैल पायवाटेचा. माझे वडील शिपाईगडी, पावलं मोजून लिहायचे. तळ्या हातभर रुंद, आणि अगदी पक्क्या. अर्ध्याहून जास्त जमिनीत गाडलेल्या, कोणी उचलून नेऊ नये म्हणून. आजोबा म्हणायचे, दगड हलला तर बाई हलेल. गंगव्वाची सगळ्यात मोठी आणि उतारावर सगळ्यात वर. तेरदाळहून निघताना वरची तळी तिच्या डोक्यावर होती, खालची नवऱ्याच्या. घरात दाणा नव्हता आणि ही बाई जातं घेऊन निघाली. पुढे कुठंतरी दळायला मिळेल, अशी खात्रीच असणार तिला.

सोलर म्हणजे काचांची शेती ना? होऊ दे. माळ मोठा आहे. आमची अकरा माणसं एका कोपऱ्यात बसलीत, त्यांना कोण उठवायला येतंय?

आत्या


सांगली,
१४ ऑगस्ट २०२४

विजयमाला आत्या,

रविवारी, ११ तारखेला, बोरमाळला जाऊन आले. जागा सापडली. वहीतला पत्ता बरोबर आहे. दोन बाभळींपैकी एक उभी आहे.

अकरापैकी सहा समाध्या जागेवर आहेत. त्यांत दोन तळ्या आणि चार उभे दगड. खालच्या बाजूच्या पाच जागा जूनमध्ये सपाटीकरणात गेल्या. त्यांत तीन तळ्या होत्या. तिथं आता भराव आहे. सर्वेक्षणाच्या तक्त्यात त्या भागाची नोंद ‘सुटे दगड’ अशी झाली होती, आणि सुटे दगड असले की मशिनवाला कोणाला विचारत नाही. वरचा भाग पुढच्या टप्प्यात आहे. पाऊस उघडला की ते काम सुरू होईल.

धुळा नावाचे एक मेंढपाळ तिथं मेंढरं चारतात. त्यांना ती जागा माहीत आहे. भरावाच्या ढिगातून एक तळी त्यांनी ओढून काढली आणि बाभळीखाली ठेवली आहे. ती कोणाची हे सांगता येत नाही.

गंगव्वाच्या तळीचा फोटो सोबत जोडला आहे. ती शाबूत आहे.

मला वाईट वाटतं.

सृष्टी


वाई,
२४ ऑगस्ट २०२४

सृष्टी,

तुझं पत्र वाचलं.

पाच माणसं गेली. वहीत नावं आहेत त्यांची. आधी फोटोबद्दल लिहिते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. भिंग लावून पाहिला. तळीच्या कडेला लाल दिसतं. पुसट आहे, फोटो तिथंच कापला गेलाय, पण लालच आहे. म्हणजे अजून कोणीतरी तिला कुंकू लावतं. तो धुळा असेल, नाहीतर गावातली कोणी बाई. आपण विसरलो आणि परक्यांनी लावलं. मी फोटो देवापाशी ठेवलाय.

आता दुसरं. ‘नोंद झाली होती’ असं तू लिहिलंस. नोंद आपोआप होत नाही, बाई. मी जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यात. ‘पाटी फुटली’ असं लिहिणाऱ्या पोरानंच ती फोडलेली असायची. कोणीतरी तिथं उभं राहून, डोळ्यांनी बघून, हातानं ‘सुटे दगड’ असं लिहिलं. अर्ध्याहून जास्त जमिनीत गाडलेल्या दगडाला सुटा म्हणणारा माणूस कोण, ते शोध. तुझ्याच क्षेत्रातला असणार, तुला नाव मिळेल. मी शाप देणार नाही, तसली बाई मी नाही. त्याला एकच विचारायचं आहे: तिथं तुला कोणी सांगितलं नाही का?

तहसीलदारांना द्यायचा अर्ज मी लिहायला घेतला आहे. त्याचं नाव आलं की पुरा होईल.

तू आपली होतीस म्हणून हे कळलं तरी. नाहीतर सहाही गेल्या असत्या.

आत्या


सांगली,
१२ सप्टेंबर २०२४

विजयमाला आत्या,

नाव मिळालं आहे. ते माझं आहे.

तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. नंतरचे प्रश्न मी जागा शोधायला विचारले नव्हते. तुम्ही ‘नुसत्या ठेवलेल्या’ असं लिहाल, अशी आशा होती.

काय झालं ते क्रमानं लिहिते. २० फेब्रुवारीला मी त्या चाळीस एकरांच्या मोजणीला गेले. अशा मोजणीला एक स्थिर बिंदू लागतो. त्यावर तिपाई उभी करून यंत्र बसवायचं, आणि माळावरचा प्रत्येक बिंदू त्या एका बिंदूपासून मोजला जातो. तो दगड हलला तर सगळा नकाशा चुकतो. म्हणून मी माळावरचा सगळ्यात पक्का दगड शोधला. उतारावर सगळ्यात वर एक मोठी तळी होती. हलते का बघायला मी तिला दोनदा लाथ मारली. हलली नाही. मध्ये आयतं भोक होतं. तिपाईचा ओळंबा मी त्या भोकाच्या बरोबर मध्यावर आणला आणि खूण म्हणून कडेला लाल तेलरंगानं ‘बी-१’ लिहिलं.

फोटोत दिसलं ते कुंकू नाही. तो माझा रंग आहे. फोटो मी मुद्दाम कापला होता, नीट कापला गेला नाही. देवापाशी ठेवला असेल तर काढा.

तुम्ही विचारलंत, तिथं कोणी सांगितलं नाही का. सांगितलं होतं. मी दुपारी त्यांतल्याच एका तळीवर बसून डबा उघडला, तेव्हा धुळा मेंढरं घेऊन आले. त्यांनी लांबूनच हाक मारली. म्हणाले, “ताई, ती बायांची जाती हायती. खाली माणसं बसल्याती. हितं जेवू नगा, आन चपला काढा.” मी उठून दुसरीकडे बसले. बूट काढले नाहीत. आपल्यात बसवून पुरतात हे मला माहीत आहे, आजोबांना बसवलं तेव्हा मी शेजारी उभी होते. तरी ‘खाली माणसं बसल्याती’ हे मी ऐकलं आणि सोडून दिलं.

संध्याकाळी फील्ड बुकात लिहिलं: बी-१, जुन्या जात्याचा दगड, जमिनीत पक्का. त्यानंतर अर्ध्या तासानं तक्ता भरला. त्यात त्याच दगडांपुढे ‘सुटे दगड’ लिहिलं. ‘स्मशान अथवा दफनभूमी आहे काय’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. ‘आहे’ लिहिलं असतं तर गावाचे जबाब, पंचनामा, यात पंधरा दिवस गेले असते. नकाशा शुक्रवारी द्यायचा होता. माझ्यावर कोणी दबाव आणला नाही. कोणी लिहायला सांगितलं नाही.

पुढच्या टप्प्यातही गंगव्वाची तळी काही दिवस वाचेल, तीही माझ्या रंगामुळे. मोजणीच्या खुणेचा दगड हलवत नाहीत. काम संपल्यावर तोही काढतात.

ऑगस्टमध्ये गेले तेव्हा धुळांनी मला ओळखलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “म्या तवाच सांगितलं न्हवतं व्हय?”

दुरुस्तीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. ऑफिसात माझे वरिष्ठ धैर्यशील सर यांना दाखवला. ते म्हणाले की गावच्या समजुती नकाशात दाखवत नसतात, आणि हा अर्ज गेला तर माझ्या सहीचा नकाशा पुढे कोणी घेणार नाही. त्यात त्यांचं पहिलं म्हणणं चूक आहे, दुसरं बरोबर असावं. अर्ज अजून दिलेला नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हणून थांबले, असं लिहिणार होते. तेही खरं नाही. मला भीती वाटते.

तुमच्या अर्जात माझं नाव पूर्ण लिहा: सृष्टी अनंत तेरदाळे.

सृष्टी


वाई,
१९ सप्टेंबर २०२४

सृष्टी,

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. ते माझ्याकडे नाही. का नाही, तेही सांगते.

आमच्या वडिलांनी ती वही १९८१ साली माझ्या हातात दिली. म्हणाले, मला आता जाववत नाही. तू मास्तरीण आहेस, तुझं अक्षर चांगलं आहे. वाईच्या पाथरवटाकडून अकरा नावं एका दगडावर कोरून घे आणि बोरमाळच्या माळावर उभा कर. मी हो म्हटलं. दोन वर्षांनी ते गेले.

माझ्या सासरी सांगितलेलं होतं की आम्ही पिढ्यान् पिढ्यांचे जमीनदार. तसं मी सांगितलं नव्हतं, पण लग्न ठरवणाऱ्यानं सांगितलं आणि मी गप्प बसले. पाथरवट आमच्याच आळीतला. त्याच्याकडे गेले असते तर आठ दिवसांत सगळ्यांना कळलं असतं की बाईंची पणजी दुष्काळात खडी फोडायला आली होती. मी वही शालूच्या खाली ठेवली. त्रेचाळीस वर्षं दर दिवाळीला शालू उन्हात घातला, वही तिथंच राहू दिली. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तुला लिहिलं, असं तुला वाटलं असेल. १९८१ साली माझे गुडघे ठणठणीत होते.

तिथं नावाचा दगड उभा असता तर तू ‘नाही’ लिहिलं नसतंस. त्या दिवशी तुला चाळीस वर्षं उशिरानं एका धनगरानं सांगितलं. मला माझ्या बापानं सांगितलं होतं. म्हणून तुझी चूक कमी होत नाही. तू लाथ मारलीस हे वाचून मी पत्र पालथं घातलं. तरी पुढचं वाचलं, कारण पुढे तू लिहिलं होतंस.

काल राजवर्धनला समोर बसवून सगळी वही वाचून दाखवली. माझा मुलगा, पन्नाशीचा बाप्या. ऐकून म्हणाला, आई, यात लपवण्यासारखं काय होतं? लपवताना तर फार मोठं वाटत होतं.

वही या पार्सलात आहे. झेरॉक्स जोडू नकोस, मूळच दाखव. वरून खाली कोण कोण बसलंय ते नावांनिशी लिहिलंय. जोंधळाही आहे, शाळू, निवडलेला. अर्ज दे. तुझं नाव मी माझ्या अर्जात लिहिणार नाही, ते तू तुझ्याच हातानं लिही.

फोटो मी काढलेला नाही. रंग असो, लाल आहे.

विजयमाला


सांगली,
४ ऑक्टोबर २०२४

विजयमाला आत्या,

अर्ज २३ तारखेला दिला. तुमची मूळ वही दाखवली, आणि सोबत माझ्या फील्ड बुकाचं पान व तक्ता जोडला. एकाच दिवशी, एकाच हातानं, एकाच दगडाला ‘पक्का’ आणि ‘सुटा’ लिहिलं आहे, हे दाखवायला वेगळा पुरावा लागला नाही.

२७ तारखेला मंडळ अधिकारी पाहणीला आले. सहा जागांभोवती चुन्याची रेघ मारून तिथलं काम थांबवलं आहे. कायमचा आदेश यायचा आहे. तो काय येईल हे मला माहीत नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. मला बाहेरच्या कामावरून काढून ऑफिसात बसवलं आहे. महिनाअखेरीला ठेवतात की नाही ते कळेल. बाबांना सांगितलं. ते म्हणाले की अमावस्येला मीपण येतो.

परवा आम्ही गेलो. सुट्टी असल्यामुळे माळावर मशिन नव्हतं. पायथ्याशीच बूट काढले. गंगव्वाच्या तळीत पहिली मूठ घातली. ‘बी-१’ चा रंग आधी घासून काढणार होते, पण बाबांनी तुमचं पत्र वाचलं होतं, ते म्हणाले राहू दे.

फेब्रुवारीत ड्रोननं काढलेला फोटो माझ्याकडे होता. त्यातले दगड आणि वहीतला क्रम जुळला. त्यामुळे गेलेल्या पाच जागाही नावानिशी सापडल्या. यंत्र पुन्हा गंगव्वाच्या तळीवर लावलं. या वेळी आधी धुळांना विचारलं. ते म्हणाले, “लावा. तिची लेकरं हुडकायला लावताय न्हवं?” तिथून भरावावर पाच खुंट्या मारल्या. प्रत्येक जागा दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक आहे. तिथं काही नाही. सपाट माती आहे, चाकांच्या खुणा आहेत. मी प्रत्येक खुंटीपाशी मूठ सोडली, ती मातीवर पसरली. आत जायला भोक नव्हतं.

बाभळीखालची तळी तिघींपैकी कोणाची ते अजून कळत नाही. तिच्यात तीन मुठी घातल्या.

तक्ता मला नव्यानं भरून द्यायला सांगितला आहे. तोच छापील तक्ता आहे. दफनभूमीच्या रकान्यात ‘आहे’ लिहिलं. शेजारी ‘माहितीचा स्रोत’ असा एक लहान रकाना असतो, तो सहसा रिकामा सोडतात. त्यात लिहिलेलं तुम्हाला जसंच्या तसं कळवते. तपासायची सवय तुम्हाला आहे.

‘धुळा, मेंढपाळ, बोरमाळ. यांनी २० फेब्रुवारी २०२४ रोजी जागेवर सांगितले. मोजणी करणाऱ्या व्यक्तीने ऐकले. लिहिले नाही.’

खाली सही माझी आहे.

सृष्टी